आय.के.एस.चा (भारतीय ज्ञानपरंपरेचा) एक पेपर लावला की झालं का विद्यापीठ स्वतंत्र? (गोव्यापुरतं बोलूया)

मास्तरीण_तिसवाडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मध्यंतरी अभ्यासक्रमाच्या एका कार्यशाळेला बसले होते, कुठल्या ते विचारू नका, नोकरी आहे. विषय होता उच्च शिक्षणाचं निर्वसाहतीकरण, म्हणजे परक्या राजवटीने शिक्षणावर सोडलेला ठसा पुसणं. मंचावर जो येतो तो मेकॉलेला धरून बडवतो, मेकॉलेने आपल्याला कारकून केलं, मेकॉलेने संस्कृती बुडवली, आणि मी मागच्या रांगेत बसून मनात म्हणतेय की अहो, ते मेकॉलेचं इंग्रजी शिक्षणावरचं टिपण १८३५ चं, ब्रिटिश हिंदुस्थानासाठीचं, आणि आपण बसलोय गोव्यात. इथे तेव्हा पोर्तुगीज होते आणि पुढे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत होते. आमच्या पणजोबांना मेकॉले हे माणसाचं नाव आहे की औषधाचं हे सांगता आलं नसतं.

आपली गोष्ट वेगळी आहे आणि ती कुणी सांगतच नाही. साडेचारशे वर्षं राज्य करून पोर्तुगीजांनी इथे एक विद्यापीठ मागे ठेवलं नाही. जुन्या गोव्यात सोळाव्या शतकात जेझुइटांचं सांव पावलू कॉलेज होतं, १५५६ ला हिंदुस्थानातला पहिला छापखाना तिथे आला, पण तो सगळा पाद्री घडवायचा कारभार. मग थेट १८४२ ला पणजीत एश्कोला मेदिका (डॉक्टरकीची शाळा) आणि १८५४ ला लिसेव (माध्यमिक शाळा). म्हणजे शिकून मोठं व्हायचं तर डॉक्टरकी, नाहीतर थोडी वकिली, नाहीतर सेमिनरी. आणि आत कोण? ज्याच्या घरात पोर्तुगीज बोलली जाते तो, म्हणजे बहुतेक वरच्या जातीची ख्रिश्चन घराणी. १९१० ला पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना दारं जरा मोकळी झाली, पण तेही वरच्यांनाच. गावडे, कुणबी, महार यांचा पत्ताच नाही.

मुक्तीनंतर १९६२ मध्ये धेंपे आणि चौगुले कॉलेजं निघाली, मुंबई विद्यापीठाशी संलग्न, आणि गोवा विद्यापीठ १९८५ ला. म्हणजे ज्या इंग्रजी पद्धतीच्या परीक्षा-पद्धतीला आपण गुलामी म्हणतोय ती आपल्याकडे आली स्वतंत्र भारतातून, मुंबईहून, आणि आपण ती हौसेने घेतली. मग आता हाकलायचं नेमकं कुणाला?

पुतळ्यांचं काम सोपं होतं, ते झालंय. गोवा जिंकणारा आल्बुकेर्क आणि पोर्तुगीज कवी कामोंइश दोघेही जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये उभे आहेत, कुणाला त्रास नाही त्यांचा. अवघड काम उरलंय ते म्हणजे वर्गात कोण पोचतो आणि कुणाला माहीत असलेली गोष्ट 'ज्ञान' म्हणून मार्कांना पात्र ठरते. आमच्यापुढे आय.के.एस.चा जो मसुदा ठेवला त्यात वेद, आयुर्वेद, खगोल, वास्तू, योग असं सगळं होतं आणि गोव्यातला एकही माणूस नव्हता, मी शोधला. माझा पेपरला विरोध नाही हो. पण सामाजिक न्यायाला बाजूला ठेवून निर्वसाहतीकरण करता येतं असं जे सगळ्यांनी गृहीत धरलंय ते मला पटत नाही. बोला.

तारवटी_नातू

पहिला मी. मेकॉलेवरून आमच्या आजोबांची आठवण झाली. बार्देसचे, तारवटी, म्हणजे इंग्रजांच्या बोटींवर काम करणारे. मुंबईत धोबीतलावला गावच्या कुडीत (गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात) राहायचे, बोट मिळेपर्यंत तिथेच ट्रंक टाकून. त्यांना पोर्तुगीज दोन वाक्यं धड येत नव्हती कारण ती भाटकाराची (जमीनदाराची) आणि रेजिदोराची (गावच्या सरकारी अधिकाऱ्याची) भाषा, आपल्याला कुठे बोलायची वेळ येतेय. पण इंग्रजी तोडकंमोडकं का होईना यायचं, कारण त्यावर पोट होतं, मुंबई होती, नैरोबी होती, आखात होतं. त्यामुळे इंग्रजी म्हणजे गुलामी असं कुणी म्हटलं की मला कळत नाही कुणाच्या गुलामीबद्दल चाललंय. आमच्या घरात ती भाटकाराच्या तावडीतून सुटायची भाषा होती.

आणि माध्यमाचा घोळ बघा ना. १९९० पासून प्राथमिकला अनुदान फक्त कोकणी-मराठीला, मग २०११ ला इंग्रजीलाही दिलं, मग आंदोलनं, मोर्चे, सगळं झालं. तिथे मातृभाषेसाठी जीव टाकणारे आपणच, आणि बारावीनंतर त्या मातृभाषेत शिकायची सोय कुठे आहे हे विचारणारं कुणी नाही. सरकारी मराठी शाळेत चौथी झालेलं पोर पाचवीला इंग्रजीत ढकलायचं आणि मग एफ.वाय.ला जाऊन म्हणायचं की याची ग्रहणशक्ती कमी.

देवराई_मुक्काम

ताई, लेख नेहमीप्रमाणे वाचनीय, पण मला एक कळत नाही. १६८४ ला व्हायसरॉयने कोकणी बोलण्यावर बंदीचं फर्मान काढलं. १५६० पासून १८१२ पर्यंत (मध्ये चार वर्षं सोडली तर) इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. देवळं पाडली, पोथ्या जाळल्या, लग्नात काय गायचं काय नाही याचेसुद्धा हुकूम निघाले. इतकं सोसलेल्या समाजाला आपल्याच परंपरेचा एक पेपर मिळाला, चार क्रेडिटचा नाही दोन क्रेडिटचा, तर त्यातही तुम्ही जात काढणार? आधी घरात तरी येऊ दे ना परंपरेला, मग वाटण्या करू. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांनी १९४४ मध्येच लिहून ठेवलं होतं की गोंयकार आपलं राष्ट्रीयत्व हरवून बसलाय. ते तर तुमच्याच डाव्या बाजूचे ना?

ह.घ्या., पण मुद्दा गंभीर आहे.

मास्तरीण_तिसवाडी

देवराईदादा, हलकं घेतलं. पण 'आधी येऊ दे, मग वाटण्या' यातच गोम आहे. वाटण्या मसुदा लिहितानाच होऊन गेलेल्या असतात.

एक उदाहरण देते, आपल्या पणजीतलंच. म्युनिसिपल गार्डनला गार्सिया द ऑर्ताचं नाव आहे, बरोबर? हा पोर्तुगीज वैद्य, ज्यू वंशातला, त्याने १५६३ मध्ये इथेच जुन्या गोव्यात औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं, संवादाच्या स्वरूपातलं. मेल्यावर इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली, १५८० मध्ये, म्हणजे तोही काही सत्तेचा लाडका नव्हता. ते पुस्तक आमच्या मुलांना 'युरोपने भारतीय वनस्पतींचा केलेला अभ्यास' म्हणून एका ओळीत शिकवतात. पण पुस्तकात कोण कोण येतं बघा. मालुपा नावाचा इथला हिंदू वैद्य येतो आणि ऑर्ता त्याला विचारून घेतो. आणि आंतोनिया नावाची दासी आहे, तिला हाक मारायची, अमुक पाला घेऊन ये, तमुक फळ दाखव, की ती घेऊन येते. ऑर्ताचं नाव बागेला. मालुपा एखाद्या तळटीपेत. आंतोनिया कुठेच नाही, आणि पाला ओळखून आणायचं काम तर तीच करत होती!

आता आय.के.एस.वाले काय करतील, ऑर्ता काढून मालुपा घालतील. ठीक, घाला, मीच पहिली टाळी वाजवीन. पण आंतोनिया? ती ना त्यांच्या ज्ञानपरंपरेत ना यांच्या. निर्वसाहतीकरण मालुपापाशी थांबलं तर फक्त वरच्या खुर्चीतला माणूस बदलला, एवढंच.

कुन्हांचं म्हणाल तर हो, ते लिहिणं आजही वाचावं असं आहे. पण इंग्रजीत लिहिलं होतं त्यांनी :)

वाटसरू_सत्तरी

+१. वाखुसा (वाचनखूण साठवली).

काणकोणची_वाट

मॅडम, मी सहसा फक्त वाचते, पण आज लिहितेच. मी वेळीप समाजातली, एम.ए. करते. २००३ ला आम्हाला एस.टी.मध्ये (अनुसूचित जमातींत) घातलं, गावडा, कुणबी, वेळीप तिघांना, त्यामुळे १२ टक्क्यांत मी आत आले, आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलंच की कोट्यातून का. असो, त्याची आता सवय झाली.

माझी आजी कुमेरी करायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, डोंगराच्या उतारावरची झुडपं कापायची, मोठ्या झाडाला बुंध्यात कुऱ्हाड लावायची नाही, नुसत्या फांद्या सवळायच्या, ते सगळं उन्हात वाळू द्यायचं, पावसाआधी जाळायचं आणि पहिल्या पावसाला त्या राखेत नाचणी, वरी, कडेला तूर, काकडी असं मिसळून टाकायचं, नांगर नाही काही नाही, काठीने भोक पाडलं की झालं. दोन-तीन वर्षं पीक काढायचं आणि मग ती जागा सोडून द्यायची, रान परत वर येईपर्यंत तिकडे बघायचं नाही. कुठला तुकडा कधी सोडायचा हे आजी कसं ठरवायची तर तिथे कुठली झुडपं परत उगवतायत त्यावरून. आता तो भाग जंगल खात्याचा, त्यामुळे बंद. वडील काजूत गेले.

बी.ए.ला पर्यावरणाचा सक्तीचा पेपर असतो. त्यात प्रश्न आला, झूम शेतीचे (म्हणजे आमच्या कुमेरीसारख्या शेतीचे) दुष्परिणाम लिहा, पाच गुण. मी लिहिलं: जमिनीची धूप, जंगलतोड, जैवविविधतेचा ऱ्हास, हवेचं प्रदूषण, आदिवासींमध्ये जागृतीची गरज. पाचपैकी पाच. आजीने सांगितलेलं लिहिलं असतं तर नापास झाले असते. वर्गात आम्ही तिघं-चौघं कुमेरी करणाऱ्या घरातले होतो, सगळ्यांनी हेच लिहिलं कारण नोट्स तशाच होत्या. आणि खाणींवर त्या पेपरात प्रश्न नव्हता. सांगे-केप्यातले डोंगर कुणी पोखरले, आमच्या नाचणीने?

देवराईदादा, राग नाही, पण तुम्ही जी परंपरा म्हणता तिच्यात आजीची कुमेरी येते का हे मला खरंच जाणून घ्यायचंय. कारण पोर्तुगीज पुस्तकात ती रानटी, इंग्रजांच्या जंगल खात्याच्या पुस्तकात रानटी, आणि आपल्या पुस्तकातही रानटीच आहे.

फोंड्यात_स्थायिक

काणकोणची_वाट, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून यायला हवा होता.

मी मूळचा मराठवाड्यातला, नोकरीमुळे फोंड्यात रुळलो, म्हणून दोन शब्द त्या बाजूचे. निर्वसाहतीकरण हे काहीतरी आफ्रिकेतून आलेलं नवीन फॅड आहे असं लोकांना वाटतं. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, काय मांडलं? सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. वर शिकलेल्यांकडून ज्ञान खाली झिरपेल ही सरकारची समजूत होती, ती त्यांनी साफ खोडली. बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण द्या, मास्तर खालच्या वर्गांतून घ्या, आणि शिकवा काय तर मोडी-बालबोध वाचन, हिशोब, इतिहास, भूगोल, आरोग्य आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान. शेती! १८८२ ला! इंग्रज सरकारपुढे उभं राहून इंग्रजांच्या शिक्षण धोरणावर टीका, आणि त्याच दमात इथल्या भटशाहीवरही टीका. एकाला झोडायचं म्हणून दुसऱ्याला सूट नाही. आपल्याकडे निर्वसाहतीकरणाचं पुस्तक यावरूनच सुरू व्हायला पाहिजे, पण कार्यशाळेत फुले निघाले का हो ताई? मेकॉले निघाला ना फक्त.

दुसरं, केपटाऊन विद्यापीठात २०१५ मध्ये ऱ्होड्स या ब्रिटिश साम्राज्यवाद्याचा पुतळा हटवला त्याचं जगभर कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे. पण विद्यापीठाला नाव कुणाचं यावरून आपण त्याच्या किती आधी रक्त सांडलंय! २७ जुलै १९७८ ला महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि लगेच मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. लाँग मार्च निघाले, माणसं मेली, आणि शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार, तोसुद्धा 'मराठवाडा' शब्द मागे ठेवून. आमच्या गावात त्या काळात कोण कुणाच्या विहिरीवर गेलं नाही ते मी लहानपणी ऐकत वाढलोय. विद्यापीठाच्या नावाला एवढा विरोध करणारे गोरे नव्हते, आपलेच शेजारी होते. हा धडा कुठल्याही परदेशी थिअरीत मिळणार नाही.

आडमुठा_भौतिकीवाला

सगळं ठीक, पण मी फिजिक्स शिकवतो. माझ्या वर्गात नेमकं काय निर्वसाहत करू? न्यूटनच्या जागी कोण? मला यातली अर्धी चर्चा ही ह्युमॅनिटीजवाल्यांना सेमिनार मिळावेत म्हणून चाललेली वाटते, स्पष्टच बोलतो. गुरुत्वाकर्षणाला जात नसते.

मास्तरीण_तिसवाडी

सर, न्यूटनला हात लावायला कुणी सांगत नाहीये. पण तुमच्यासाठी आपल्याच गोव्यातला माणूस आहे, दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, कोसबें, शिक्षण हार्वर्डला, धंदा गणिताचा. आनुवंशिकीतल्या मॅपिंगचं त्यांचं सूत्र आजही त्यांच्या नावाने वापरतात. आणि हाच माणूस जुन्या आहत (ठसे मारलेल्या) नाण्यांची वजनं काटेकोर तराजूवर तोलून त्यावरून इतिहास मांडतो, आणि गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या) गावकऱ्यांवर लिहितो. गणित सोडलं नाही आणि आपल्या मातीकडे पाठही फिरवली नाही. गोवा विद्यापीठात त्यांच्या नावाने अभ्यागत प्राध्यापकपद आहे. तुमच्या किती विद्यार्थ्यांना ते गणिती होते हे माहीत आहे, विचारून बघा.

आणि गुरुत्वाकर्षणाला जात नसते, पण लॅबमध्ये कोण पोचतो याला असते.

आडमुठा_भौतिकीवाला

विचारलं. एकालाही माहीत नव्हतं. पुढे बोला.

पुराभिलेख_पंखा

मी उशिरा आलो, तरी दोन गोष्टी.

एश्कोला मेदिकाचा उल्लेख झाला. तिथून शिकून बाहेर पडलेले गोंयकार डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत पाठवले जायचे, मोझांबिक, अंगोला. आफ्रिकेत गेले की हे साम्राज्याचे डॉक्टर, आणि लिस्बन-कोइंब्राची डिग्री असलेल्यापुढे उभे राहिले की दुय्यम, डिग्री कमअस्सल. म्हणजे एकाच वेळी मालकही आणि मजूरही. आपण फक्त सोसणारे होतो असं चित्र रंगवताना हे विसरतो. १९६३ ला त्याचंच गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) झालं आणि ती जुनी इमारत आज इफ्फी चित्रपट महोत्सवाला सजवतात, आत काय घडलं याचा एक धड फलक मला तरी दिसला नाही.

दुसरं, कागद. आपल्या पुराभिलेखात मोडीतले, गोयकानडी या जुन्या लिपीतले दप्तर पडलेत, गावकारीचे (जुन्या ग्रामसंस्थेचे) हिशोब, जमिनीची भांडणं. गोयकानडी वाचणारी माणसं आता हाताच्या बोटांवर. पोर्तुगीज मात्र विद्यापीठात शिकायची सोय आहे, आणि ती हवीच, कारण निम्मे कागद त्याच भाषेत आहेत, आणि काही तर इथे नाहीतच. मान्सून दप्तरातले (लिस्बन-गोवा पत्रव्यवहाराचे) जुने खंड अठराव्या शतकात लिस्बनला नेले ते तिथेच. कृष्णदास शामा या सोळाव्या शतकातल्या लेखकाच्या नावाने पणजीत पाटोला एवढं मोठं वाचनालय आहे, आणि त्याच शतकातल्या कोकणी-मराठी कथांची हस्तलिखितं पोर्तुगालात ब्रागाला. गोव्याच्या पोराने गोव्यावर पीएच.डी. करायची तर विमानाचं तिकीट काढायला हवं. कुणाच्या बापाला परवडतं? इथेच सामाजिक न्यायाचा प्रश्न येतो बघा, सिद्धांत वगैरे राहू दे.

केपटाऊनचं जरा पुढचं सांगतो. एप्रिल २०१५ ला पुतळा हलला, आणि ऑक्टोबरमध्ये तीच मुलं फीवाढीविरुद्ध रस्त्यावर, इतकी की सरकारला पुढच्या वर्षीची फीवाढ शून्य करावी लागली. त्यांची आणखी एक मागणी होती, कॅम्पसवरच्या झाडूवाल्यांना, सिक्युरिटीला कंत्राटदाराकडून काढून विद्यापीठाच्या पगारावर घ्या. काही विद्यापीठांनी ते केलंही. आपल्या कार्यशाळेला चहा देणाऱ्या बाईचा पगार कोण देतो हे कुणी विचारलं का?

मराठीचा_वाली

सगळं राहू दे, गोव्यात मराठीला राजभाषा केल्याशिवाय कसलंही निर्वसाहतीकरण होणार नाही. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या नसत्या तर बहुजनांचं एक पोर शिकलं नसतं. नंतर कोकणीवाल्यांनी

संपादक मंडळ

वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग आणि त्याखालचे तेरा प्रतिसाद 'कोकणी-मराठी' या कायमस्वरूपी धाग्यावर हलवले आहेत. तिथे भांडावे.

तारवटी_नातू

अवांतर: पहिला अर्धा भाग मात्र खरा आहे हां. भाऊसाहेबांच्या शाळा नसत्या तर आमच्या वाड्यावरची पहिली पिढी सहीसुद्धा अंगठ्याने करत राहिली असती. ते सामाजिक न्यायाचं काम होतं, त्याला तेव्हा कुणी मोठं नाव दिलं नाही एवढंच.

देवराई_मुक्काम

दोन दिवस विचार करून लिहितोय. काणकोणची_वाट, तुझा प्रश्न सरळ आहे म्हणून सरळ उत्तर. नाही, आजच्या मसुद्यात कुमेरी येत नाही. यायला हवी, आणि माझ्या मते ती आय.के.एस.मध्येच यायला हवी, कारण दुसरं दार तुला कोण उघडणार आहे? तुम्ही सगळे त्या पेपरला नावं ठेवून बाहेर उभे राहाल तर आत जे बसलेत ते त्यांना हवं तेच लिहितील. आपली गावकारी बघा, पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची ग्रामसंस्था, १५२६ च्या फोरालमध्ये (सनदेत) त्यांना ती लिहून घ्यावी लागली. हे शिकवायला काय हरकत आहे?

मास्तरीण_तिसवाडी

काहीच हरकत नाही, फक्त पूर्ण शिकवा. गावकारीत जोण (उत्पन्नातला वाटा) कुणाला मिळायचं? गावकाराच्या पुरुष वारसाला. बाई नाही, मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर असलेला) नाही, बांधावर कंबरभर चिखलात उभा राहून खाजन (खाडीकाठची शेती) सांभाळणारा कुणबी नाही. मुंडकारांना संरक्षण मिळालं ते १९७५ च्या कायद्याने, मुक्तीनंतर. गावकारी ही लोकशाही होती असं शिकवलं की वर्गातली निम्मी मुलं मनात विचारणार, आमचे कुठे होते तेव्हा. ते त्यांनी मोठ्याने विचारावं आणि त्याचे मार्क मिळावेत, एवढंच माझं म्हणणं.

बाकी तुमचा मुद्दा मान्य, बाहेर उभं राहून चालणार नाही. १९६८ ला नैरोबी विद्यापीठात केनियाचे लेखक गुगी वा थ्योंगो आणि दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी विभागच बंद करा असं टिपण दिलं होतं, पण ते त्याच विद्यापीठात बसून, नोकरी सांभाळून दिलं होतं. आणि मागणी काय, तर आफ्रिकेचं मौखिक साहित्य अभ्यासाच्या मध्यभागी घ्या. म्हणजे आजीला वर्गात घ्या. आपल्याकडे प्रबंधात आजीचा हवाला दिला की परीक्षक म्हणतात छापील संदर्भ दाखवा.

फोंड्यात_स्थायिक

आणि खाणींचा विषय काढलाय म्हणून जोडतो. या खाणींचे हक्क मुळात पोर्तुगीज सरकारने वाटलेली कन्सेशनं (खाणकामाचे परवाने). मुक्तीनंतर २६ वर्षांनी, १९८७ च्या कायद्याने ती रद्द होऊन त्यांची लीज झाली, धारक बरेचसे तेच. आणि मुक्तीनंतरची पहिली दोन कॉलेजं खाण-उद्योगातल्या घराण्यांनीच उभी केली. मी त्यांना दोष देत नाहीये, त्यांनी काढली म्हणून हजारो पोरं शिकली, माझी बायको त्यातलीच. पण गोव्यातलं उच्च शिक्षण कुठल्या पैशातून उभं राहिलं हा धडा कुठल्याच पेपरात नाही, आय.के.एस.मध्येही नाही आणि अर्थशास्त्रातही नाही.

काणकोणची_वाट

सगळ्यांचे आभार, एवढ्या लोकांनी वाचलं.

खरं सांगू का, मला मोठ्या गोष्टींपेक्षा बारक्या गोष्टी जास्त नडतात. पहाटेची बस चुकली की मडगावला शटलची रांग, तिथून पणजी, तिथून ताळगावचं पठार जिथे विद्यापीठ आहे, पहिलं लेक्चर गेलंच. स्कॉलरशिप वर्ष संपल्यावर येते, तोवर फी भरायला वडिलांनी काजू आधीच विकून टाकलेला असतो. गाइड चांगल्या आहेत पण त्यांनाही वाटतं की मी 'आदिवासी लोकगीतं' करावं, म्हंजे आमच्यातल्या प्रत्येकाने धालो (बायकांचा नाच-गाण्यांचा खेळ) नाहीतर फुगडीच करायची. मला जमिनीच्या कायद्यावर करायचंय. २०११ ला बाळ्ळीला आदिवासींच्या हक्कांच्या आंदोलनात आमचे दोन तरुण जिवानिशी गेले, तेव्हा मी शाळेत होते. ते कशासाठी गेले हे मला कागदांतून शोधायचंय, गाण्यांतून नाही.

पुराभिलेख_पंखा, मोडी कुठे शिकता येईल? रविवारी असेल तर बरं.

पुराभिलेख_पंखा

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. एक निवृत्त गुरुजी शिकवतात, फी घेत नाहीत, फक्त बोरू स्वतःचा आणावा लागतो. आणि गाइडना हे सगळं असंच लिहून दाखव, जसंच्या तसं.

मास्तरीण_तिसवाडी

मंडळी, पर्यावरणाच्या पेपरचा मसुदा याच महिन्यात परत टेबलावर येतोय. मी प्रश्न सुचवतेय: 'कुमेरी आणि खुली खाण, दोन्हींचा डोंगरउतारावर होणारा परिणाम तुलना करून लिहा. शक्य असल्यास घरातल्या किंवा गावातल्या जाणत्या व्यक्तीशी बोलून आधार द्या.' सूचना असल्यास आजच सांगा.

आडमुठा_भौतिकीवाला

उताराचा कोन, पावसाचं प्रमाण आणि मातीची झीज मोजायला सांगा. अंदाजपंचे नको. मोजणी मी बसवून देतो, लॅबमध्ये सामान आहे.

देवराई_मुक्काम

ताई, पाच मार्कांत हे मावणार नाही. दहाचा करा.

काणकोणची_वाट

आणि तपासणार कोण?